न सापडलेल्या पुस्तकाची नोंद

ग्रंथालयात नव्यानं रुजू झालेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: 'वर्गात शिकलात ते आता विसरा, इथं काउंटरवर शिकायचं.' सांगणारा वाईट नसतो. बऱ्याचदा तोच तिथला सगळ्यात कामाचा माणूस असतो. तो ज्या वर्गाबद्दल बोलतो, त्या वर्गात त्याच आठवड्यात कुणी प्राध्यापक सांगत असतात की, सिद्धांत काढून घेतला तर ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांचा कारकून. अभ्यासक्रम बदलायची वेळ आली की ही दोन वाक्यं समोरासमोर उभी राहतात. एक बाजू म्हणते पेपर कमी करा, प्रात्यक्षिकं वाढवा, सॉफ्टवेअर शिकवा. दुसरी म्हणते, मग विद्यापीठाची पदवी तरी कशाला, सरळ प्रशिक्षण केंद्र काढा. शेवटी समिती साठ-चाळीस की पन्नास-पन्नास यावर घासाघीस करते, दोघांच्याही पदरात थोडं थोडं पडतं, आणि काही वर्षांनी तोच वाद त्याच शब्दांत पुन्हा निघतो.

मला हा वाद मुळातच चुकीच्या जागी मांडलेला वाटतो. सिद्धांत किती टक्के आणि व्यवहार किती टक्के, हे स्वयंपाकातल्या मिठासारखं ठरवायचं प्रकरण नाही. विचारायला हवं ते हे: व्यवहारात जे फसलं ते सिद्धांतापर्यंत पोहोचतं का? आणि पोहोचलंच तर सिद्धांत त्यापायी हलतो का? ग्रंथालयशास्त्रात जे जे विचार टिकले ते याच वाटेनं आले. जे निर्जीव झाले, त्यांची ही वाट कधीतरी बुजली होती. आज ती जवळजवळ बंद पडली आहे, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. आपण अपयशाची नोंदच ठेवत नाही.

नोंदवह्यांना आमच्याकडे तोटा नाही. पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत चढतं, त्याला दाखल क्रमांक मिळतो. वाचकानं नेलं की देवघेवीत, बांधणीला गेलं की बांधणीच्या वहीत, गहाळ झालं की गहाळ यादीत, आणि बाद केलं तर कुणाच्या सहीनं केलं तेही लिहिलेलं असतं. पुस्तकाचा सगळा जन्म-मृत्यू कागदावर. पण एखादा माणूस आला, त्यानं काही शोधलं, ते त्याला मिळालं नाही आणि तो निघून गेला, याची वही कुठं आहे? वार्षिक अहवालात देवघेवीचा आकडा ठळक असतो; रिकाम्या हातानं परतलेल्यांचा आकडा मी आजवर एकाही अहवालात पाहिलेला नाही. एखाद्या दवाखान्यानं फक्त बऱ्या झालेल्या रुग्णांचे कागद जपावेत आणि त्यावरून आपली उपचारपद्धती उत्तम आहे असं ठरवावं, तसं हे आहे.

मी संदर्भ विभागात बसत होते तेव्हाची गोष्ट. पन्नाशीच्या आसपासचे एक गृहस्थ आले, हातात प्लास्टिकची फाइल. 'कायद्याची पुस्तकं कुठं आहेत?' माझ्या सहकाऱ्यानं अगदी सौजन्यानं सांगितलं, 'तिसरी रांग, तीनशेचाळीस.' उत्तर बरोबर होतं. पुस्तकांच्या विषयांना आकडे देणाऱ्या दशांश वर्गीकरणात ३४० म्हणजे कायदाच. दीड तासानं मी त्या बाजूला गेले तर ते तिथंच होते. घटनात्मक कायद्याचा एक जाडजूड ग्रंथ समोर उघडा, पण नजर पानावर नव्हती. बोलतं केल्यावर कळलं: वडील वारले होते, मागे हातानं लिहिलेला एक कागद सापडला होता, त्यावर सही होती पण साक्षीदारांची नावं नव्हती, आणि धाकटा भाऊ म्हणत होता की याला मृत्युपत्र म्हणतच नाहीत. त्यांना कायद्याची पुस्तकं नकोच होती. त्यांना ३४६.०५, म्हणजे वारसाहक्क, आणि त्यातली दहा-बारा पानं हवी होती. त्याच्याही आधी, कुणीतरी त्यांना दोन प्रश्न विचारायला हवे होते. आमच्या त्या दिवसाच्या तक्त्यात मात्र हे गृहस्थ 'उत्तर दिले' या रकान्यात एक उभी रेघ होऊन बसले होते.

अमेरिकी ग्रंथालयतज्ज्ञ रॉबर्ट टेलर यांनी १९६८ साली हेच मांडलं होतं. माणसाची माहितीची गरज चार पायऱ्या उतरत ग्रंथपालापर्यंत येते: आधी नुसती सांगता न येणारी बेचैनी, मग मनातल्या मनात तिचा धूसर आकार, मग नीट मांडता येईल असा प्रश्न, आणि सर्वांत शेवटी 'यांच्याकडे काय मिळत असेल' याचा अंदाज घेऊन केलेली तडजोड. टेबलासमोर येते ती ही चौथी, तडजोडीची वस्तू. 'कायद्याची पुस्तकं कुठं आहेत?' हे अस्सल तडजोडीचं वाक्य आहे. गंमत अशी की माझ्या सहकाऱ्याला टेलर पाठ होता. चार पायऱ्या आकृतीसकट लिहून त्यानं मार्कही मिळवले होते. टेलरनं हे काढलं कुठून, तर रोज प्रश्न झेलणाऱ्या ग्रंथपालांशी आणि माहितीतज्ज्ञांशी बोलून. म्हणजे काउंटरवर जन्मलेला विचार वर्गात गेला, प्रश्नपत्रिकेत बसला आणि तिथंच राहिला. तो काउंटरवर परत येईना, याचा दोष सिद्धांताचा की व्यवहाराचा? मला वाटतं, परतीचा रस्ता कुणी बांधलाच नाही, याचा.

आता व्यवहारवाद्यांचं म्हणणं त्यांच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवं, कारण त्यात दम आहे. पदवी घेऊन आलेला मुलगा 'माहिती'च्या पाच व्याख्या सांगतो, पण जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत नोंदी नेताना जोडाक्षरांच्या जागी चौकोन उमटले तर कुठं बघायचं ते त्याला ठाऊक नसतं. नियतकालिकांचा ऑनलाइन करार वाचून 'वर्गणी थांबवली तर मागचे अंक आपल्याकडे राहतात का?' हा एकच महत्त्वाचा प्रश्न विचारावा, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. छत गळून कपाट भिजलं तर साधारण ४८ तासांत बुरशी धरायला लागते, तेव्हा फाइल तयार करत बसू नये, आधी हवा खेळती करावी, हे तो चूक करूनच शिकतो. आणि ज्याला सिद्धांत म्हणून शिकवतात त्यातलं बरंचसं खरं तर सिद्धांत नसतंच. दुसऱ्या शास्त्रांतून उसने आणलेले शब्द असतात, व्याख्यांच्या याद्या असतात, कुणी कुठल्या साली काय म्हटलं याची जंत्री असते. ज्यातून पुढं काय घडेल याचा अंदाज करता येत नाही आणि जे चुकीचं ठरूच शकत नाही, त्याला सिद्धांत म्हणून मान का द्यायचा? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

पण यावरचा त्यांचा उपाय, म्हणजे हातचं काम शिकवा, हा आधी करून झालेला आहे. दशांश वर्गीकरण काढणाऱ्या मेल्विल ड्यूई यांनी जानेवारी १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात ग्रंथपालांची पहिली शाळा काढली. वीस विद्यार्थी, त्यातल्या सतरा स्त्रिया. भर सगळा कामावर. त्यात 'लायब्ररी हँड' नावाचं खास वळण होतं: तालिकापत्रावर, म्हणजे ग्रंथालयाच्या सूचीतल्या (तालिकेतल्या) एकेका पुस्तकाच्या कार्डावर, लिहायचं गोल, सुटं, कुणालाही वाचता येईल असं अक्षर. ते तासन्‌तास गिरवून घेत. मग टंकयंत्र पसरलं आणि ते वळण निकामी झालं. १९०१ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेस (अमेरिकी संसदेचं ग्रंथालय) छापील तालिकापत्रं विकू लागली, टंकनाचंही महत्त्व उतरलं. साठच्या दशकात हेन्रिएट अव्राम यांनी नोंदी यंत्राला वाचता येतील असा 'मार्क' (MARC) नावाचा आराखडा घडवला. अखेर २०१५ साली ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेनं शेवटची तालिकापत्रं छापली आणि तो धंदाच मिटला. ज्या पिढीला जे 'प्रत्यक्ष उपयोगाचं' म्हणून शिकवलं, तेच सर्वांत आधी शिळं झालं. आज एखादं सॉफ्टवेअर बटणनिहाय शिकवा म्हणणाऱ्यांनी त्या सुबक गोल अक्षराकडे एकदा निवांत पाहावं. तालिकापत्रं गेल्यावर कोण तगलं? ज्याला पत्राच्या माथ्यावर लेखकाचं नाव का लिहितात हे ठाऊक होतं, तो. कारण कशासाठी लिहितात हे कळलेल्यालाच ते कधी सोडून द्यायचं हेही कळतं.

सिद्धांतवाद्यांनी मात्र इतक्यात खूश होऊ नये. अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या शिक्षणावरच्या १९२३च्या विल्यमसन अहवालानं कारकुनी प्रशिक्षण आणि व्यावसायिक शिक्षण वेगळं करा, शाळा विद्यापीठात न्या, असं सुचवलं. शिकागोत संशोधनाला वाहिलेली शाळा निघाली. १९३१ साली सीमोर थॉम्पसन यांनी अमेरिकी ग्रंथपालांसमोर उघड विचारलं: आपल्याला ग्रंथालयाचं शास्त्र हवंच आहे का? शिकागोच्या डग्लस वेपल्स यांनी त्याला उत्तर दिलं. दोन वर्षांनी पिअर्स बटलर यांनी तक्रार केली की, ग्रंथपालाला आपल्या धंद्याच्या सैद्धांतिक बाजूचं कुतूहलच नाही. हे सगळं आज वाचलं तर तारीख झाकून कालच्या बैठकीचं इतिवृत्त म्हणून खपवता येईल. पुढं काय झालं? सिद्धांताचं माहेरघर असलेली शिकागोची शाळा ऐंशीचं दशक संपता संपता बंद झाली. ड्यूईंच्या शाळेची वारसदार, कोलंबियाची शाळा, १९९२ साली बंद झाली. कारणं अनेक असतील, पण कामाची शाळा आणि विचाराची शाळा, दोन्ही आपापल्या विद्यापीठाला आपली गरज पटवू शकली नाहीत, हे नजरेआड कसं करायचं?

मग वाद मिटवायचा कसा, याचं मला माहीत असलेलं सर्वांत देखणं उदाहरण त्याहूनही जुनं आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये छापील ग्रंथांचे प्रमुख असलेल्या अँटोनियो पानिझी यांनी १८४१ साली तालिकेचे ९१ नियम छापले. लोकांचं डोकं फिरलं. एका पुस्तकाचं नाव लिहायला एवढे नियम? तालिका पूर्ण व्हायला किती वर्षं लागणार? १८४७ साली चौकशी आयोग बसला, थॉमस कार्लाइलसारखे बडे वाचक तक्रार करायला हजर झाले. आयोगाचे सचिव जॉन पेन कॉलियर यांचं मत पक्कं होतं: सुशिक्षित माणसाला यात अवघड काही नाही, थोडक्यात नोंदी केल्या तर काम झपाट्यानं उरकेल. बोलून थांबले नाहीत, त्यांनी स्वतःच्या संग्रहातल्या २५ पुस्तकांच्या नोंदी करूनही दाखवल्या. पानिझींनी त्यावर तत्त्वज्ञान झाडलं नाही. त्यांनी त्या २५ नोंदी आपले सहकारी विंटर जोन्स यांच्याकडे दिल्या. जोन्सनी एकेक नोंद पुस्तकाशी ताडून पाहिली आणि चुकांचा ढीग समोर ठेवला: ही नोंद वाचून वाचकाला नेमकी कुठली आवृत्ती आहे ते कळणार नाही, ही ज्या नावाखाली आहे तिथं कुणी शोधणार नाही. आयोगाचा कौल पानिझींच्या बाजूनं गेला. म्हणजे नियमांना अधिकार मिळाला तो पानिझींच्या पदामुळे किंवा विद्वत्तेमुळे नव्हे. नियमांशिवाय केलेलं काम कुठं, कसं आणि कुणाच्या दृष्टीनं फसतं, हे पंचवीस वेळा दाखवून दिल्यामुळे मिळाला.

याची उलटी बाजूही तितकीच खरी. पुढच्या शंभर वर्षांत नियम वाढत गेले. प्रत्येक अडचणीच्या पुस्तकागणिक एक पोटनियम. १९४१ साली अँड्र्यू ऑसबर्न यांनी या कायदेबाजीवर झोड उठवली, आणि १९५३ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये तालिकेचंच काम करणाऱ्या सीमोर लुबेट्स्की यांनी एकेक नियम हातात धरून विचारलं: हा नियम हवाच का? तालिकेनं काय साधायचं ते आधी दोन वाक्यांत ठरवा, मग त्यातून न निघणारा नियम खोडा. १९६१ साली पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय तालिका-परिषदेत मान्य झालेली तत्त्वं याच विचारावर उभी आहेत. 'सिद्धांत नको, आम्हाला काम करू द्या' म्हणणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही की सिद्धांत गेला की त्याची रिकामी जागा सुटसुटीतपणा भरून काढत नाही, परिपत्रकं काढतात. लुबेट्स्कींचा सिद्धांत हा झाडू होता.

'पण अनुभव?' असं कुणी म्हणेल. वीस वर्षं संदर्भ टेबलावर बसलेल्या माणसाला सिद्धांत काय शिकवणार? अनुभवाबद्दल माझ्याही मनात आदर आहे, कारण माझ्या गाठीशी दुसरं फारसं काही नाही. तरी एक अप्रिय गोष्ट सांगायला हवी. संशोधकांनी साध्या वाचकाच्या वेषात जाऊन, उत्तर आधीच ठाऊक असलेले वस्तुनिष्ठ प्रश्न विचारायचे, असे प्रयोग सत्तर-ऐंशीच्या दशकांत बरेच झाले. १९८६ साली हर्नन आणि मॅक्ल्युअर यांनी त्यांचं सार काढलं: बरोबर उत्तरांचं प्रमाण साधारण ५५ टक्के. या प्रयोगांवर वाजवी टीका झाली. छोटे तथ्यात्मक प्रश्न म्हणजे अख्खी संदर्भसेवा नव्हे, हे खरंच आहे. आकडा थोडा खाली-वर करा हवं तर. तरीही प्रश्न उरतो: इतकी वर्षं बसूनही असं का? कारण चुकीचं उत्तर घेऊन गेलेला वाचक हसून 'आभारी आहे' म्हणत जातो. चूक ग्रंथपालाला कधी कळतच नाही. सुताराची खुंटी ढिली बसली तर खुर्ची त्याच्यासमोर डुगडुगते. आमची खुर्ची वाचकाच्या घरी जाऊन मोडते. ज्या अनुभवात चूक झाल्याची खबर परत येत नाही, तो अनुभव माणसाला शहाणं करत नाही, फक्त निर्धास्त करतो.

रंगनाथन यांचं नाव या वादात दोन्ही बाजू घेतात, आणि दोघीही अर्धवट घेतात. १९२४ साली मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात रुजू झालेला हा गणिताचा शिक्षक. लंडनला गेले, ग्रंथालयं पाहिली, आणि एका दुकानात मुलांचा मेकॅनोचा खेळ पाहिला: त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, जोडणी बदलली की खेळणं वेगळं. विषयांनाही तयार घरं देण्याऐवजी त्यांचे सुटे भाग पाडावेत आणि लागतील तसे जोडावेत, ही द्विबिंदू वर्गीकरणाची कल्पना तिथून सुचली. १९३३ साली पद्धत छापली. त्यांचे १९३१चे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांतही वाचून पाहा. 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत', 'वाचकाचा वेळ वाचवा': ही वाक्यं वर्गात सुचणारी नाहीत. ज्यानं कुलूपबंद कपाटांसमोर ताटकळलेला वाचक पाहिलाय, त्यालाच ती सुचतात. पण पुढं याच पद्धतीचं काय झालं? आवृत्तीगणिक ती अधिक काटेकोर, अधिक खोल, अधिक सुंदर होत गेली, आणि १९८७ची सातवी आवृत्ती निघेपर्यंत ती वापरायला हवी असलेली बरीच ग्रंथालयं दशांश पद्धतीकडे वळलेली होती. बोधांक, म्हणजे पुस्तकाचा वर्गीकरण क्रमांक, पुस्तकाच्या पाठीवर मावत नाही, ठेवणाऱ्याला वाचता येत नाही, हे फडताळाचं म्हणणं वर पोहोचलंच नाही. किंवा पोहोचलं तरी ते फडताळाचं अडाणीपण मानलं गेलं. चौथा सिद्धांत लिहिणाऱ्याच्या वारसांना वाचकाच्या वेळेचा विसर पडावा, ही हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे.

या उलट इंग्लंडमधलं क्रॅनफील्ड. तिथल्या विमानविद्येच्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल सिरिल क्लेव्हर्डन यांनी पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ठरवलं की कुठली विषयपद्धती श्रेष्ठ यावर भांडत बसण्यापेक्षा चाचणी घेऊ. १८,००० लेख, चार पद्धतींनी केलेली विषयसूची, १,२०० प्रश्न. रंगनाथनांच्या धर्तीवर विषयाचे सुटे पैलू पाडणाऱ्या वर्गीकरणाचे पुरस्कर्ते निर्धास्त होते. अकारविल्हे विषयसूचीचे अभिमानीही. निकाल लागला तो असा की हवा तो लेख सापडण्याचं प्रमाण चारही पद्धतींत साधारण ७४ ते ८२ टक्क्यांच्या पट्ट्यात, आणि सैद्धांतिकदृष्ट्या सर्वांत देखणी, पैलूंची पद्धत सर्वांत तळाशी. पुढच्या चाचणीत, १९६६ साली, त्याहून मोठा धक्का बसला: लेखातले साधे सुटे शब्द तसेच्या तसे घेतले तर ते तज्ज्ञांनी घडवलेल्या शब्दावल्यांहून सरस ठरले. पंडितांना राग आला, मांडणीत खोट काढली गेली, काही आक्षेप रास्तही होते. पण एका कामावरच्या ग्रंथपालानं फसलेले शोध एकेक करून तपासले आणि त्यातून संपूर्ण नवा सिद्धांत उभा राहिला. आज शोधयंत्रांची पारख ज्या रीतीनं होते, ती या चाचण्यांचीच लेक आहे. व्यवहारानं सिद्धांताला हरवलं, असा याचा अर्थ काढू नका. फडताळाजवळच्या कुणालाही हे निव्वळ अनुभवावरून कळलं नव्हतं. ते कळायला चाचणी लागली, आणि चाचणी बांधायला सिद्धांतच लागला.

एक मोठा आक्षेप मी स्वतःच्याच विरुद्ध नोंदवते. सगळी अपयशं काउंटरवर दिसत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा कागद आला, आणि त्यातलं आम्ल पानं खात राहिलं. वाचकानं तक्रार करावी तोवर पुस्तक चुरा होण्याच्या वाटेला लागलेलं असतं. जतनाचा विचार आजच्या वाचकाच्या समाधानावर मोजता येणार नाही. तसंच, जो वाचक ग्रंथालयात येतच नाही, त्याचा न विचारलेला प्रश्न कुठल्या वहीत लिहिणार? इथं दूरवर पाहणारा, तात्काळ उत्तरदायी नसलेला विचार लागतोच. तेवढी जागा सिद्धांताला मोकळी दिली पाहिजे, आणि हे म्हणताना माझी वर मांडलेली अट मला थोडी सैल करावी लागते, हे कबूल.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा. वाचकानं काय शोधलं याची नोंद ठेवायची म्हणजे पाळत ठेवणं नव्हे का? कोण काय वाचतो हे बाहेर जाऊ न देणं ही या व्यवसायाची चांगली सवय आहे आणि ती मोडता कामा नये. पण मला माणसाची नोंद नको, प्रश्नाची हवी. कोण आलं ते नको, काय मागितलं आणि कशामुळे मिळालं नाही तेवढं पुरे. तिसरा आक्षेप वेळेचा आहे, आणि त्याला उत्तर देण्यात मी वेळ घालवणार नाही. जिथं दर महिन्याला तीन ठिकाणी एकच देवघेवीचा आकडा भरून पाठवतात, तिथं एक वही जड होणार नाही.

ही वाट उघडली तर काय होऊ शकतं, आणि किती सावकाश होतं, हेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना तालिकेत शोधताना 'इल्लीगल एलियन्स' हे विषयशीर्षक खटकलं. माणसाला 'बेकायदा' म्हणणारा शब्द पुस्तकाच्या नोंदीवर का? त्यांनी तिथल्या ग्रंथपालांना गाठलं, आणि २०१४ साली ही विषयशीर्षकं ठरवणाऱ्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे बदलाचा प्रस्ताव गेला. नकार आला. २०१६ साली होकार आला, तर संसदेतून विरोध झाला. शेवटी २०२१च्या नोव्हेंबरमध्ये शीर्षक बदललं. सात वर्षं! पण लक्षात घ्या, विषयशीर्षकं तटस्थ नसतात, त्यांत बनवणाऱ्याचा दृष्टिकोन असतो, हा विचार तोवर पुस्तकांत कधीचाच येऊन पडला होता. शीर्षक हलवलं ते शोधखिडकीत अडलेल्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांची अडचण 'उत्तर दिले' या रकान्यात न ढकलणाऱ्या ग्रंथपालांनी. जाता जाता: प्रश्न टाकताच सफाईदार परिच्छेद लिहून देणारी आजची यंत्रं या बाबतीत आमच्याहून पुढची आहेत. ती सहसा कुणाला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे 'सापडलं नाही' हा रकाना सुरूच होत नाही.

म्हणून अभ्यासक्रमाच्या समितीत मला जागा मिळाली (मिळणार नाही) तर टक्केवारीवर मी एक शब्दही बोलणार नाही. प्रत्येक विद्यार्थ्यानं सहा महिने एका ग्रंथालयातल्या फसलेल्या शोधांची वही ठेवावी, एवढंच मागेन. प्रत्येक नोंदीपुढं दोन रकाने: कुठला नियम किंवा विचार इथं आड आला, आणि तो बदलला तर आणखी काय बिघडेल. घोड्याची पुस्तकं मागणाऱ्याला पशुपालनाच्या ६३६.१ पाशी नेलं आणि त्याला हवं होतं घोडदळ, जे ३५७ मध्ये, शर्यती ७९८.४ मध्ये, प्राणी म्हणून घोडा ५९९ मध्ये. ही विखुरण का, याचं उत्तर पुस्तक वस्तूवरून नव्हे, ज्ञानशाखेवरून ठेवायचं या ड्यूईंच्या कल्पनेत आहे. त्या दिवशी ती कल्पना शिकलेला विद्यार्थी परीक्षेनंतर ती विसरणार नाही. आणि प्राध्यापकांनीही त्या वह्या वाचाव्यात. निबंध म्हणून तपासायला नव्हे, आपल्या टिपणांत काय खोडायचं ते शोधायला.

तालिकेत शून्य निकाल आलेल्या शोधांची यादी प्रणालीत आपोआप साठते. आमच्याकडे ती वर्षानुवर्षं कुणी उघडली नव्हती. मी पहिल्यांदा उघडली तेव्हा त्यात चुकलेली नावं होती, आडनाव आधी-मागे झालेलं होतं, आणि मध्येच एका ओळीत कुणीतरी नुसतं टाइप केलेलं होतं: 'झोप लागत नाही'. निकाल शून्य. त्या विषयावरची पुस्तकं आमच्याकडे भरपूर होती, सगळी 'निद्रानाश' या शीर्षकाखाली शिस्तीत बसलेली. अमेरिकी ग्रंथपाल चार्ल्स कटर यांच्या तालिका-नियमांच्या १९०४च्या आवृत्तीतच लिहिलेलं आहे की तालिका करणाऱ्याच्या सोयीपेक्षा लोकांची सोय आधी पाहावी. आम्ही त्याच दुपारी 'झोप लागत नाही: पाहा निद्रानाश' असा दुवा घातला आणि स्वतःवर खूश झालो. पुढच्या महिन्याच्या यादीत एक ओळ होती: 'रात्री तीनला जाग येते'.